झाकली मूठ आणि रूबलचा हिशेब

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण प्रपंचातल्या माणसाची अब्रू राखण्यासाठी जन्माला आली असावी. पेटीत शिल्लक किती, वाण्याचे देणे किती थकले, हे शेजाऱ्याला कळू नये, एवढाच तिचा मूळ हेतू. पण हीच रीत एखाद्या महासत्तेने उचलली आणि मुठीत दागिन्यांऐवजी अण्वस्त्रे असली, म्हणजे शेजाऱ्याची झोप उडते. मुठीत सव्वा लाख आहेत की सव्वा कोट, या तर्कावर त्याचे कर, त्याचे सैन्य आणि कित्येकदा त्याच्या निवडणुकासुद्धा अवलंबून राहतात. सोव्हिएत संघाने आपल्या लष्करी खर्चाची मूठ अशी अनेक दशके झाकून धरली होती. तीत काय आहे हे ओळखण्याचा खटाटोप अमेरिकेत चाळीस वर्षे चालला. अखेर १९८९ साली मॉस्कोनेच आपण होऊन बोटे सैल केली. तरीही आत नेमके किती होते याविषयी एकमत झाले नाही ते नाहीच.

मॉस्को कोणताच आकडा देत नसे, असे मात्र नव्हे. दर वर्षी सुप्रीम सोव्हिएतपुढे अंदाजपत्रक येई आणि त्यात ‘संरक्षण’ या शब्दापुढे एक, फक्त एकच रक्कम असे. पोटविभाग नाहीत, तळटीप नाही. सैनिकांच्या पगारावर किती, पाणबुड्यांवर किती, संशोधनावर किती, याचा मागमूस नाही. १९७० साली ही रक्कम १७ अब्ज ९० कोटी रूबल होती. पुढच्या दशकात सोव्हिएत आरमार दूरदूरच्या महासागरांवर दिसू लागले, एकेका क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसू लागली, १९७९ च्या डिसेंबरात फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. आणि १९८१ साली पाहावे तर रक्कम १७ अब्ज ५ कोटी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी. संसार वाढत असता वाणसामानाचा खर्च घटत जातो, असे सांगणाऱ्या गृहस्थावर विश्वास कोण ठेवील?

हा आकडा हिशेबासाठी नव्हताच. तो निशाणासारखा होता, कधी उंच करावा, कधी उतरवावा. १९६१ च्या जुलैत बर्लिनवरून तणातणी वाढली, तेव्हा क्रुश्चेव्ह यांनी वर्षाच्या मध्यातच सव्वानऊ अब्जांचा संरक्षणखर्च तीन अब्जांहून अधिक वाढविल्याचे जाहीर केले. तो वॉशिंग्टनला दिलेला इशारा होता. त्याच्याही आधी, १९३० नंतरच्या काही वर्षांत, जिनीव्हा येथे निःशस्त्रीकरणाची परिषद भरत असताना, प्रसिद्ध झालेले आकडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा पुष्कळच कमी होते, हे दप्तरे उघडल्यावर इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले.

आकड्यांप्रमाणे नावांनाही बुरखा होता. अण्वस्त्रे ज्या खात्याकडे होती त्याचे नाव ‘मध्यम यंत्रनिर्मिती मंत्रालय’. क्षेपणास्त्रे बनविणारे खाते म्हणजे ‘सामान्य यंत्रनिर्मिती मंत्रालय’. अणुबाँबचे शास्त्रज्ञ ज्या सारोव्ह गावात राहत, ते नकाशावरून पुसले गेले आणि ‘अर्झामास-१६’ अशा टपालपेटीसारख्या नावाने कागदोपत्री उरले. युरल पर्वताच्या पायथ्याशी निझ्नी तागील येथे रणगाड्यांचा प्रचंड कारखाना होता. त्याचे नाव ‘युरल वॅगन कारखाना’. गंमत अशी, की हे नाव खोटे नव्हते. तेथे रेल्वेच्या वाघिणीही खरोखरच तयार होत. संरक्षण मंत्रालयांच्या कारखान्यांतून दूरदर्शन संच, रेडिओ, कॅमेरे, शिवणयंत्रे आणि शीतकपाटेही बाहेर पडत. एकाच छपराखाली, एकाच भट्टीच्या पोलादातून वाघीण आणि रणगाडा निघत असतील, तर कोणत्या कोळशाचा खर्च कोणाच्या नावावर मांडावा? हा प्रश्न परक्या हेरालाच पडत होता असे नव्हे. तो त्या कारखान्याच्या कारकुनालाही पडत असला पाहिजे.

आरंभीच्या काळात अमेरिकेला पैशांपेक्षा नगांची चिंता अधिक होती, आणि नग मोजतानाही फसगत झाली. १९५५ च्या जुलैत मॉस्कोजवळ तुशिनो येथे विमानदिनाच्या सोहळ्यात नवी लांब पल्ल्याची बाँबफेकी विमाने डोक्यावरून गेली. तीच विमाने वळसा घालून पुन्हा पुन्हा आली, असे पुढे सांगण्यात आले. पण त्या दिवशी पाहणाऱ्यांना तांडेच्या तांडे दिसले. काही वर्षांत अशी शेकडो विमाने रशियाजवळ होतील, असा हिशेब वॉशिंग्टनमध्ये मांडला गेला. वस्तुतः ती संख्या त्या अंदाजाच्या जवळपासही पोहोचली नाही. १९५६ पासून यू-२ या टेहळणी विमानांनी काढलेल्या छायाचित्रांनी हा फुगा फुटू लागला, तोच क्षेपणास्त्रांचा दुसरा फुगा वर चढला. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘क्षेपणास्त्रांची तफावत’ हा केनेडींच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘कोरोना’ उपग्रहाची पहिली छायाचित्रे आकाशातून खाली आली आणि १९६१ च्या सप्टेंबरात गुप्तचर खात्यांनी आपला अंदाज उतरवून दहा ते पंचवीस आंतरखंडीय क्षेपणास्त्रांवर आणला. तफावत होती, पण ती अमेरिकेच्या बाजूने होती.

उपग्रह आले आणि मोजणी सोपी झाली, असे वाटण्याजोगे होते. गोदीत किती पाणबुड्या बांधल्या जात आहेत, जमिनीत क्षेपणास्त्रांसाठी किती विहिरी खणल्या, हे आता वरून दिसत होते. परंतु छायाचित्रात किंमत उमटत नाही. पाणबुडी दिसते; ती बांधण्यासाठी किती रूबल पडले, आणि त्यासाठी देशाने कशाकशाला मुकावे लागले, हे दिसत नाही. शस्त्रांची संख्या कळूनही ओझ्याचे वजन कळत नव्हते. आणि प्रतिस्पर्धी किती दमला आहे, तो आणखी किती मजल मारू शकेल, हे ओळखायचे तर वजनच हवे होते.

या वजनासाठी सी. आय. ए. च्या अर्थशास्त्रज्ञांनी जी रीत काढली ती एखाद्या गवंड्याला शोभेल अशी होती. इमारतीचा खर्च मालक सांगत नाही ना? मग विटा मोजा. प्रत्येक डिव्हिजन, प्रत्येक जहाज, प्रत्येक विमान, प्रत्येक रडार यांची यादी करा. तीच वस्तू अमेरिकेत बनविली असती तर किती डॉलर लागले असते, हे आपल्या कारखानदारांना विचारा. सैनिकाला अमेरिकन पगार लावा. बेरीज करा. हा झाला डॉलरमधला खर्च. मग एका डॉलरचे काम रशियात किती रूबलांत होते त्याचे कोष्टक बांधा आणि त्याने सारे रूबलांत फिरवा. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे हे काम प्रामाणिकपणे केले.

खोट होती ती रीतीच्या पोटातच. कोकणातल्या गृहस्थाच्या परसात फणस पिकतात, घरातली मुले ते हवे तेवढे खातात. त्या फणसांची किंमत कोणी मुंबईच्या बाजारभावाने मांडली, तर तो गृहस्थ महिन्याकाठी सावकाराला लाजवील इतका खर्च फळांवर करतो, असे दिसेल. रशियात मनुष्यबळ म्हणजे परसातला फणस. सक्तीने भरती झालेल्या शिपायाला महिन्याला चार रूबलसुद्धा धड मिळत नसत. अमेरिकेने १९७३ साली सक्तीची भरती बंद केली. स्वेच्छेने तरुण यावेत म्हणून पगार वाढविले. लागलीच, डॉलरमध्ये मोजलेला सोव्हिएत लष्कराचा खर्चही वाढला! मॉस्कोत एकाही शिपायाच्या खिशात एक कोपेक जास्त पडला नव्हता. फ्रँकलिन होल्झमन या अर्थशास्त्रज्ञाने ही विसंगती पुनःपुन्हा दाखवून दिली. उलटपक्षी, अमेरिकेत स्वस्तात होणारी नाजूक इलेक्ट्रॉनिक सामग्री रशियात बनविणे जिवावर येई. तिची किंमत डॉलरच्या भावात मांडली की खरा भार लपून जाई. म्हणजे एकच सैन्य एका तराजूत अवजड आणि दुसऱ्यात हलके.

रूबलच्या भावावर तरी विसंबावे, तर तोही भाव बाजारात ठरलेला नव्हता. घाऊक किमती सरकार ठरवी आणि त्या वर्षानुवर्षे गोठलेल्या असत. १९६७ च्या मोठ्या फेररचनेनंतर दुसरी यावयास १९८२ साल उजाडले. तेल, कोळसा, पोलाद लागतमूल्याच्या हिशेबाने नव्हे तर धोरणाच्या हिशेबाने मिळत. संरक्षणाच्या कारखान्यांना उत्तम कामगार आणि निवडक माल प्रथम मिळे. या अग्रहक्काची किंमत कोणत्याही वहीत चढत नसे. परदेशांशी झालेल्या सौद्यांवरूनही काही उलगडत नव्हते. १९६२ नंतर मिग-२१ विमाने भारताला मिळाली, पुढे नाशिकजवळ ओझर येथे ती बांधली जाऊ लागली. परंतु व्यवहार दीर्घ मुदतीच्या, अल्प व्याजाच्या कर्जावर आणि फेड रुपयांत. त्या किमतीत मैत्री किती आणि ॲल्युमिनियम किती, हे कोण सांगणार?

या साऱ्याचा स्फोट १९७६ साली झाला. सोव्हिएत लष्करी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा ते आठ टक्के आहे, असे सी. आय. ए. तोपर्यंत सांगत आली होती. नवी माहिती हाती आल्यावर तिने हा आकडा अकरा ते तेरा टक्क्यांवर नेला. रूबलांतला खर्च जवळजवळ दुप्पट झाला. वृत्तपत्रांनी मथळे दिले. रशियाने गुपचूप दुप्पट शस्त्रे केली आणि आपले हेरखाते झोपले होते, असे साऱ्यांना वाटले.

प्रत्यक्षात काय घडले होते? यादीत एक रणगाडा वाढला नव्हता, एक क्षेपणास्त्र वाढले नव्हते. बदलले होते ते डॉलर-रूबलचे कोष्टक. सोव्हिएत शस्त्रकारखाने समजले होते तेवढे कार्यक्षम नाहीत, तीच तोफ बनविण्यास त्यांना अधिक रूबल जाळावे लागतात, असा त्या दुरुस्तीचा अर्थ होता. दुसऱ्या शब्दांत, शत्रू पूर्वीइतकाच सशस्त्र परंतु पूर्वीपेक्षा अधिक दमलेला आहे. खात्याने हे लेखी सांगितले होते. ते फारसे कोणी वाचले नाही. दुप्पट हा एक शब्द पुरेसा होता. त्याच वर्षी रिचर्ड पाइप्स या इतिहासकाराच्या नेतृत्वाखाली बाहेरच्या तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले गेले, ‘टीम बी’ या नावाने ते ओळखले जाते. सोव्हिएत हेतूंविषयी खाते फार भोळे आहे, असा निवाडा त्याने दिला. शस्त्रसज्जतेची जी लाट त्यानंतर अमेरिकेत आली, तिच्यामागे इतरही कारणे होती हे खरे. तथापि १९७६ च्या आकड्याचा जो अर्थ लोकांनी लावला तो आकड्याने सांगितलेल्या अर्थाच्या थेट उलट होता, आणि एवढी महाग गैरसमजूत आधुनिक राजकारणात क्वचितच आढळेल.

या अनुभवानंतर दुरुस्ती उलट दिशेने आली तर तिचे स्वागत कसे होईल, हे सहज ताडता येते. १९८३ साली खात्याने काँग्रेसच्या समितीला सांगितले, की १९७६ पासून सोव्हिएत खर्च चार-पाच टक्क्यांनी नव्हे, दोनच टक्क्यांच्या आसपास दर वर्षी वाढत आहे, आणि नव्या शस्त्रांची खरेदी तर जागच्या जागी थांबली आहे. तेव्हा रेगन यांचे शासन शस्त्रांवर अभूतपूर्व पैसा ओतत होते. ही बातमी कोणालाच नको होती.

दरम्यान खात्याच्या बाहेर दुसरीच मांडणी चालू होती. विल्यम ली हे जुने विश्लेषक सोव्हिएत सांख्यिकी ग्रंथच चाळत बसत. यंत्रनिर्मितीचे एकूण उत्पादन घ्यावे, त्यातून नागरी उपयोगाची यंत्रे वजा करावी. जी बाकी उरेल ती शस्त्रे. त्यांची बेरीज खात्यापेक्षा कितीतरी मोठी येई. मॉस्कोतून अमेरिकेत आलेले अर्थशास्त्रज्ञ इगोर बिर्मन यांनी वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवले. अंश दुरुस्त करीत काय बसलात, छेद तपासा, असे त्यांचे म्हणणे. सोव्हिएत अर्थव्यवस्था अमेरिकेच्या निम्म्याहून मोठी धरली जाते, ती त्याहून पुष्कळच लहान आहे. तेव्हा खर्च तोच असला तरी त्याचा भार दुप्पट होतो. बिर्मन ज्या दुकानांत रांगा लावून वाढले, तिथल्या रिकाम्या फळ्या त्यांच्या युक्तिवादाच्या पाठीशी होत्या. १९८७ साली ‘नोवी मीर’ या मासिकात सेल्यूनिन आणि खानिन या दोघा रशियन लेखकांनी लिहिले, की १९२८ ते १९८५ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे नव्वद पटींनी वाढल्याचे सरकार सांगते. खरी वाढ सहा-सात पट आहे. छेदाचे हे हाल असतील, तर टक्केवारीचे काय!

बाहेरचे लोक असे चाचपडत असताना आतले तरी उजेडात होते काय? गोर्बाचेव्ह यांनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग या सबंध कहाणीचे मर्म आहे. आंद्रोपोव्ह पक्षाचे प्रमुख असताना पाव आणि सुती कापड यांच्या किमती वाढवाव्या की नाही, हा विचार करण्याचे काम त्यांनी गोर्बाचेव्ह आणि रिझ्कोव्ह या दोन सचिवांकडे सोपविले. दोघांनी राज्याचे खरे अंदाजपत्रक पाहावयास मागितले. आंद्रोपोव्ह हसले आणि साफ नाही म्हणाले. गोरगरिबांच्या पावाचा भाव ठरवावयाचा, पण तिजोरीत काय आहे आणि ते कोठे जाते हे मात्र पाहावयाचे नाही! एक पक्षाचा भावी प्रमुख, दुसरा भावी पंतप्रधान. त्यांनाही मूठ झाकलेलीच होती.

सत्ता हाती आल्यावरही उघडणे सोपे गेले नाही. १९८७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथील एका परिषदेत उपपरराष्ट्रमंत्री व्लादिमीर पेत्रोव्स्की यांनी प्रथमच मान्य केले, की जाहीर होणाऱ्या रकमेत मुख्यतः सैन्याचे वेतन, पोषण, बांधकाम आणि निवृत्तिवेतन असते. शस्त्रखरेदी व संशोधन त्यात नसते. मग ते का सांगत नाही? तर आमच्या किमती तुमच्या किमतींशी तुलना करण्याजोग्या नाहीत, त्यांची फेररचना झाल्यावर सांगू. हे टाळाटाळीचे उत्तर म्हणून जगाने धुडकावले. परंतु त्यात सत्याचा मोठा अंश होता. १९८९ च्या जानेवारीत गोर्बाचेव्ह यांनी लष्करी खर्चात १४.२ टक्के कपात जाहीर केली. कशातून १४.२ टक्के, हे मात्र सांगितले नाही!

अखेर ३० मे १९८९ रोजी, लोकप्रतिनिधींच्या पहिल्या काँग्रेसमध्ये, अवघ्या देशाने दूरदर्शनवर पाहत असता त्यांनी आकडा उच्चारला: ७७ अब्ज ३० कोटी रूबल. काही दिवसांनी रिझ्कोव्ह यांनी त्याची फोड केली. शस्त्रखरेदी ३२ अब्ज ६० कोटी. संशोधन १५ अब्ज ३० कोटी. बांधकाम ४ अब्ज ६० कोटी. निवृत्तिवेतन २ अब्ज ३० कोटी आणि किरकोळ तेवढेच. राहता राहिला सैन्याच्या पोषणाचा खर्च: २० अब्ज २० कोटी. जाणकार येथे थबकले. कारण त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातल्या ‘संरक्षण’ या एकुलत्या ओळीतील रक्कम नेमकी तेवढीच, २० अब्ज २० कोटी होती. इतकी वर्षे जो आकडा शुद्ध थाप म्हणून ओळखला जात होता, तो निदान शेवटी तरी थाप नव्हता. चार खोल्यांच्या घरातल्या एका खोलीचे ते भाडे होते.

नवा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास भरत होता. सी. आय. ए. तेव्हा पंधरा ते सतरा टक्के म्हणत होती. बिर्मन त्याहून पुष्कळ वर. पुढल्या एप्रिलात गोर्बाचेव्ह युरलमध्ये निझ्नी तागीलला गेले, त्याच वाघिणींच्या आणि रणगाड्यांच्या गावी, आणि कामगारांशी बोलताना म्हणाले, की राष्ट्रीय उत्पन्नाचा अठरा टक्के भाग संरक्षणावर जात होता. आठवणी लिहिताना त्यांनी वीस टक्के म्हटले आहे. एकाच माणसाने थोड्या वर्षांत दिलेल्या या आकड्यांत खोटेपणा शोधण्याचे कारण नाही. ७७ अब्ज ही सरकारी भावाने केलेली बेरीज होती. त्या भावांत स्वस्त पोलाद, स्वस्त वीज आणि हक्काने ओढून घेतलेला उत्तम कामगार यांची किंमत नव्हती. ती धरावयाची तर कोणत्या दराने, हे संरक्षण मंत्रालयाला ठाऊक नव्हते, अर्थ मंत्रालयाला नव्हते आणि नियोजन मंडळालाही नव्हते. अमेरिकन हेराने जी वही चोरण्यासाठी जिवाचे रान केले असते, ती वही कोणी लिहिलीच नव्हती.

मोजता येणाऱ्या वस्तूंतही काही अखेरपर्यंत निसटल्या. १९९३ साली रशियाचे अणुऊर्जामंत्री व्हिक्टर मिखाइलोव्ह यांनी सांगितले, की १९८६ साली सोव्हिएत साठ्यात ४५ हजार अण्वस्त्रे होती. अमेरिकेने धरलेल्या संख्येपेक्षा ही कितीतरी जास्त होती. क्षेपणास्त्राची विहीर उपग्रहाला दिसते, कोठारातील पेटी दिसत नाही.

रूबलचा हिशेब मात्र तेव्हापावेतो वेगळ्याच कारणाने खुंटला होता. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. २ जानेवारी १९९२ रोजी रशियात बहुतेक किमती मोकळ्या सोडण्यात आल्या आणि वर्ष संपेपर्यंत त्या सुमारे सव्वीस पट झाल्या. त्याच वर्षी सरकारने शस्त्रखरेदी सुमारे दोन-तृतीयांशाने छाटली. निझ्नी तागीलच्या कारखान्यात वाघिणी तयार होत राहिल्या.